कार्डावरचं वय

हे मी अजून कुणाला बोललो न्हाई. लेकीला न्हाई, भावाला न्हाई. चौथीपतोर शिकलेला माणूस मी, लिवायला येळ लागतो. पण तोंडानं तर हे निघतच न्हाई.

हौसाला जाऊन वरीस होत आलं. हौसा म्हणजे माझी मंडळी. गोठ्यात शेणावरून पाय घसरला आन खुबा मोडला. त्याच सकाळी तिनं डोक्यावर घासाचा भारा आणला हुता. शेवगावला फोटो काढला, तिथनं नगरला एका दवाखान्यात नेली. डॉक्टरनं आधी आधार कार्ड बघितलं, मग हाडाचा फोटो. तिच्याकडं बघितलंच न्हाई. "सत्याहत्तर," म्हणाला. "बाबा, या वयात ऑपरेशन कशाला? घरी न्या, सेवा करा." रक्त तपासलं न्हाई, छातीला नळी लावली न्हाई. शेजारच्या खाटेवर पन्नाशीतली एक बाई, तिचा बी खुबाच मोडलेला. तिला रॉड टाकला. ती वॉकर धरून उभी राहत हुती, आन हौसा तिच्या पायाकडं बघत हुती.

लेक अजून त्या डॉक्टरला शिव्या घालती. मी मान हलवतो. डॉक्टर चुकलाच. सत्याहत्तरच्या माणसाचं हाड दुखत न्हाई का? त्याला चालायचं नसतं का? पण —

पण हौसा सत्याहत्तरची नव्हतीच.

आमच्या शाळेत आधार कार्डाचा कॅम्प आला तवाची गोष्ट. जन्माचा दाखला कुठं असणार? पण बहात्तरच्या दुष्काळात आमी दोघं खडी फोडायला जायचो, तवा ती पंधराची, नुकती नांदायला आलेली. हे तिला पाठ हुतं. त्यावरनं ती मशीनवाल्याला पंचावन्न सांगाय लागली. मीच मधी तोंड घातलं — पासष्ट लिवा. पासष्टला एसटीचं अर्धं तिकीट. तिचं माहेर जामखेडकडं, भाऊ अंथरुणाला खिळलेला, सारखं जाणं-येणं. मला वाटलं, लई हुशारी केली. कंडक्टर तिचे काळेभोर केस बघून कार्ड उलटंपालटं करायचा, आजी कलप लावता काय म्हणायचा. ती म्हणायची, "मी कुठं म्हातारी झाले? ह्यांनी केली." गाडी हसायची. मी बी हसायचो.

तर त्या खाटेवर — आता लिवतोच. लेक औषध आणायला खाली गेलेली. डॉक्टर पुढं निघाला तसा हौसानं माझा सदरा धरला.

"आवो," म्हणाली, "सांगा की त्यांना माझं खरं वय."

डॉक्टर थांबला. माझ्याकडं बघाय लागला.

एक आकडा बोलायचा हुता. काय लागत हुतं? पण मला भ्या वाटलं — खोटं कार्ड म्हणून केस करतील, चार माणसांत अब्रू जाईल. मी म्हणालो, "तिला काय समजंना झालंय, सायेब. कार्डावर हाय तेच खरं."

तिनं सदरा सोडला.

चार महिने ती घरी खाटेवर हुती. पाठीला जखमा झाल्या, त्या मी धुवायचो. ती मला 'जेवलात का' विचारायची. त्या दिवसाबद्दल कधी एक शब्द काढला न्हाई. केस शेवटपतोर काळेच हुते.

खरं सांगितलं असतं तर त्यानं ऑपरेशन केलं असतं का? ठाऊक न्हाई. ते कळायची वाट मीच बंद केली — तिला येडी ठरवून.

परवा पुण्यस्मरणाच्या फ्लेक्सवर टाकायला लेकीनं आईचं वय विचारलं. मी पेटीतनं कार्ड काढून तिच्या हातात दिलं. आता चौकात फोटो लागलाय, खाली सत्याहत्तर.

ती सदुसष्टची हुती.