आबांच्या आवाजाची रेघ

दीपनगरच्या वीजकेंद्रात काट्यांवर नजर ठेवण्यात लीलाधर आबांची सगळी नोकरी गेली. वाफ कधी चढली, दाब कधी उतरला, ते झोपेतही सांगतील. निवृत्त होऊन दोंडाईचाजवळच्या आपल्या गावी आल्यावर मात्र त्यांना जिकडेतिकडे मूर्खच दिसू लागले. सरपंच बिनडोक, डॉक्टर कंपाउंडरच्या लायकीचा, आणि शाळेतले मास्तर? त्यांचं नाव निघालं की आबा आधी बाजूला थुंकून घेत.

मास्तरांना जमत नाही ते आपण करून दाखवू म्हणत त्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत ओट्यावर वर्ग मांडला. वेळ पुढे सरकली की एखादी गोष्ट कशी वाढते, कशी घटते, हे दुसरी-तिसरीच्या पोरांना रेघेतून शिकवायचं. तशी गल्लीभर बढाईही मारून झाली. बायको प्रमिलाबाई एवढंच म्हणाल्या, आधी पोरं टिकू द्या.

पहिल्या दिवशी ओटा भरला. चुलीवरून उतरवलेलं पाणी निवत होतं आणि आबा ओट्यावर खडूने त्याच्या उष्णतेची रेघ खाली आणत होते. झिपरूने विचारलं, पातेल्यात पाणी तर तेवढंच आहे, मग रेघ खाली का? प्रश्न चांगला होता. आबांनी त्याची अक्कल काढली, बापाचीही काढली. दुसऱ्या दिवशी झिपरू आला नाही.

मग रोज कोणी ना कोणी गळत गेलं. आबांच्या मते दोष पोरांचाच. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय! शेवटी शेजारची भूमिका नावाची पोर तेवढी उरली. तीही गेली तर गल्लीत तोंड दाखवायची सोय राहणार नाही, हे आबांना कळत होतं. पण जीभ ऐकेल तर ना.

त्या सकाळी त्यांनी तिला खडू दिला आणि मनाला येईल त्या गोष्टीची रेघ काढायला सांगितली. भूमिकाने दोन काढल्या, एक चढत जाणारी, एक उतरत जाणारी. कशाच्या, म्हणून आबांनी विचारलं.

"हाई तुमना आवाजनी शे, आबा," ती म्हणाली. "आन हाई पोरेसनी. जसा आवाज चढना, तशा पोरे कमी व्हयनात."

आबांचं टाळकं सरकलं. एवढा घसा कोरडा केला त्याचं हे फळ! असल्या रेघा काढायला अक्कल लागत नाही, असं ते चार घरं पलीकडे ऐकू जाईल एवढ्या जोरात गरजले. भूमिकाने मान खाली घालून पहिली रेघ आणखी वर नेली. दुसरी पार तळाला टेकवली. मग खडू त्यांच्या हातात ठेवून ती घरी निघून गेली.

आबा ओट्यावर वाकून बराच वेळ चूक शोधत राहिले. एकही सापडली नाही.