मारोतीच्या बोटीतला डावा डबा

मारोती सोनसळेचं वय बासष्ट. त्यातली बरीच वर्षं गोदावरीवर गेली. आधी बापाची लाकडी डोंगी होती. माणसांना पलीकडच्या शेतात सोडायचा. पूल झाला, डोंगी संपली. मग जयंतीच्या मिरवणुकीत भोंगे बांधले, दुकानांच्या पाट्या रंगवल्या. आता तो विष्णुपुरीच्या पाण्यावर सहलीची बोट चालवतो. बोट फायबरची. वर लोखंडी पाइपांवर पत्र्याचं छत, दोन्ही बाजूंना बाकं, वीस माणसं बसतात.

माणूस कष्टाळू आहे. पण त्याचे निम्मे कष्ट चुकीच्या जागी पडतात. मी रेल्वेत छत्तीस वर्षं फिटर होतो. मला ते बघवत नाही.

दरवर्षी चौदा एप्रिलच्या आधी तो बोट रंगवतो. निळी. एकटा. दोन हात. पत्रा, पाइप, बाकं, नट, बोल्ट, साखळी, काही सोडत नाही. एका वर्षी बाकाखाली राहिलेली बायकोची चप्पल त्यानं रंगवली. सरजाबाई ती अजून घालते. जोडीतली दुसरी तपकिरी आहे.

बोटीत गाडीतला जुना रेडिओ बसवलाय. डाव्या बाकाच्या टोकाला एक स्पीकर, उजव्याच्या टोकाला एक. मारोती त्यांना डबे म्हणतो. एफएम नीट लागलं की रेडिओच्या काचेवर लाल टिकली पेटते आणि दोन डब्यांतून वेगवेगळं वाजतं. नाही लागलं की टिकली विझते, दोन्हीकडून एकच आवाज येतो आणि वर तेलात भजी सोडल्यासारखी चरचर. बोट नवी होती तेव्हा टिकली पेटायची. पुढची दोन वर्षं नुसती भजीच.

"पाण्यावर असंच असतंय," मारोती म्हणायचा. प्रवासी मान हलवायचे. मीही काही बोललो नव्हतो. विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या कामात हात घालू नये, असं माझं मत आहे.

मागच्या डिसेंबरात गोष्ट वाढली.

सरजाबाई आणि तिची मैत्रीण सिंधू, दोघींनी मिळून एफएमवर विहिणींची गाणी म्हटली. लग्नात मुलाची आई आणि मुलीची आई एकमेकींना टोमणे मारतात ती. सिंधू धरणाकाठच्या दगडोबाची बायको. त्यांचा ऊस आहे, आणि तिचा गळा चांगला आहे. केंद्रावरच्या मुलीनं दोघींना दोन माइक दिले आणि सरजाबाईला सांगितलं, "मावशी, तुमचा आवाज डावीकडून येईल, या मावशींचा उजवीकडून. ऐकणाऱ्याला वाटेल, मधे बसून भांडण ऐकतोय."

सरजाबाईला हे फार आवडलं. घरी नुसता फोन, त्यात रेडिओ ऐकायचा तर कानात वायर घालावी लागते. वीस बाया एका वायरीभोवती बसत नाहीत. दोन डबे फक्त मारोतीच्या बोटीत. तिनं सगळ्यांना बोटीवर बोलावलं.

रविवारी पाच वाजता गाणी लागली. चरचर. टिकली नाही. दोघींचा आवाज एकात एक कालवलेला. सगळ्यांत म्हाताऱ्या गंगम्मा, देगलूरकडच्या. लग्नाच्या गाण्यात त्यांचा शब्द शेवटचा. त्या ऐकून म्हणाल्या, "सगळं सिंधूच म्हणली की. सरजा कुठं हाय?"

"आवो, अर्धं माझं हाय त्यात!"

"असंल बाई. मला न्हाई दिसली."

सरजाबाई घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. घरी बोलली. तीच गाणी पुढच्या रविवारी पुन्हा लागणार होती.

"माझा आवाज डाव्या डब्यातून आला पायजे. न्हाई आला, तर औंदा बोटीला रंग मी लावीन."

"तू? कोणता?"

"गुलाबी."

मारोती रात्रभर झोपला नाही म्हणतात. सकाळी कामाला लागला. त्याचा सिद्धांत भोंग्यांच्या काळातला: जितकं उंच, तितकं लांब. छतावर गाडीची एरियलची दांडी बोल्टनं बसवलेली होती. तिची वायर लांबवून त्यानं बांबूवर चढवली. बांबू दहा फूट. चरचर. मग वीस फूट. वाऱ्यात बोट डुलायला लागली. दगडोबा मदतीला आला. त्यानं टोकाला तांब्याचा तांब्या बांधायला सांगितलं. मारोतीनं बांधला.

"तांब्यात आवाज साठतो," दगडोबा म्हणाला. त्याला हसू दाबता येत नव्हतं. त्याची बायको उजव्या डब्यात होती आणि मागच्या रविवारी दोन्ही डब्यांतून तिचंच कौतुक झालं होतं. टिकली न पेटलेलीच त्याला बरी.

दोन माणसं, तीन दिवस, फळ शून्य. शिवाय तांब्यावर बगळा.

गुरुवारी मारोतीनं मला बोलावलं. "मिस्त्री, जयभीम. बघा बरं जरा."

मी छतावर हात फिरवला. दांडीच्या बुडाशी रंगाचे थर होते, नखभर जाड. रेल्वेत आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात: लोखंडाला लोखंड भिडलं पाहिजे. दांडी एकटी काही करत नाही. तिच्या बुडाला पत्रा लागतो. दोघं मिळून आवाज धरतात. मधे रंग आला की दांडी अधांतरी.

"बुडाचा रंग खरवडावा लागंल," मी म्हणालो. "रुपयाच्या नाण्याएवढा. वर आणि खाली."

मारोतीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या नातवाचं नाक कापायला मागितलंय.

"रंगाला हात लावायचा न्हाई."

"नाण्याएवढा, मारोती."

"त्यात पाणी शिरतं. पत्रा कुजतो. मी दोन हात दिलेत. तुम्ही बांबूचं सांगा."

"बांबूचं मला कळत नाही."

मी घरी आलो. संध्याकाळी सरजाबाई दारात. एका पायात निळी चप्पल, एका पायात तपकिरी.

"मिस्त्री, किती वेळ लागतो खरवडायला?"

"सात मिनिटं."

"मी अर्धा तास त्यायला अडकवते. उद्या चारला या."

शुक्रवारी चारला तिनं नवऱ्याला घरी बोलावून घेतलं आणि विचारलं, "दाराला निळा लावायचा म्हणून राहिले मी. कोणता घ्यावा?" हा प्रश्न मारोतीला आजवर कोणी विचारला नव्हता. तो बोलायला लागला. आकाशी, गडद, ऑइल पेंट, प्रायमर. मी बोटीवर गेलो. आधी वायर बांबूवरून काढून जागेवर आणली. बोल्ट सोडला. वरून खरवडलं, खालून खरवडलं, कानशीनं चकचकीत केलं. जुना वायसर गंजलेला होता, दातेरी नवा टाकला. आवळला. वरून ग्रीस, पाणी शिरू नये म्हणून. निळा भुसा रुमालात गोळा केला. नऊ मिनिटं लागली. दोन मिनिटं कुठं गेली ते मला माहीत आहे: नट हातातून पडला.

बांबू तसाच उभा ठेवला. तांब्याही.

परतताना मारोती वाटेत भेटला.

"मिस्त्री, नखाला काय लागलं?"

"शाई."

"निळी?"

"शाई निळीच असती."

रविवारी पावणेपाचला बोट निघाली. डाव्या बाकावर दहा बाया, उजव्या बाकावर दहा. सरजाबाई डाव्या डब्याला चिकटून, सिंधू उजव्याला. गंगम्मा मधोमध खुर्चीत. मी मागं मारोतीजवळ. पाण्याच्या मध्यावर त्यानं इंजिन बंद केलं. मी चार्जर लावलेला त्याचा फोन हळूच उपटला; चार्जरची कुरकुर रेडिओत येते. मग रेडिओ लावला.

टिकली पेटली.

"बांबू!" मारोती म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

डाव्या डब्यातून सरजाबाई:

*विहीणबाई आल्या दारी, पाट दिला बसायला,*
*पाट गेला मोडून, लागल्या रुसायला.*

उजव्या डब्यातून सिंधू:

*पाट तुमचा वाळवीचा, पाय त्याला तीन,*
*पोर दिली अशा घरी, मीच खुळी विहीण.*

डावं बाक टाळ्या पिटून ओरडलं. उजव्यानं उत्तर दिलं. पुढच्या टोमण्याला डाव्या बाया भांडायला उठून उजवीकडे गेल्या, आणि वीस बाया एका बाजूला आल्या. बोट कलली. बांबू कलला. तांब्या सुटून पाण्यात गेला.

"बसा! बसा गं! वजन सांभाळा!" मारोती ओरडत होता. कोण ऐकतंय.

गाणी संपली. सगळ्यांनी गंगम्मांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटूनच डावीकडे बोट केलं.

"ही सरजा." उजवीकडे. "ही सिंधू."

सरजाबाईनं पदर डोक्यावर घेतला. दगडोबाच्या बायकोकडे पाहिलं. मान ताठ.

"पण सरजे," गंगम्मा म्हणाल्या, "तिसऱ्या गाण्यात दम सुटला बघ तुझा. मागच्या खेपेला कळलं नव्हतं. आता लई साफ कळलं."

सिंधूनं तोंडावर पदर धरला. सरजाबाई पुढं सरकली.

"माझाच सुटला ना?"

"तुझाच."

"मग झालं." ती माझ्याकडे वळली. "मिस्त्री, लईच साफ खरवडलंत तुम्ही."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. मारोतीनं तिच्याकडे पाहिलं. मग माझ्या नखांकडे. मग वर छताकडे. इंजिन चालू केलं.

महिनाभर तो मला फक्त "जयभीम" म्हणायचा, पुढं काही नाही. बांबू दुसऱ्याच दिवशी उतरला.

एप्रिलमध्ये बोट पुन्हा निळी झाली. मी मुद्दाम छत बघायला गेलो, खिशात पॉलिश पेपर घेऊनच. दोन हात, नट-बोल्टांसकट. फक्त दांडीच्या बुडाशी नाण्याएवढी जागा कोरी होती, ग्रीस लावलेली. तिच्याभोवती बारीक ब्रशनं पांढरी कड काढली होती, पाट्या रंगवणाऱ्या हाताची. एक थेंब आत नाही.

"तिथं रंग धरत न्हाई," मारोती मागून म्हणाला.

"नसंल धरत," मी म्हणालो.

पॉलिश पेपर मी परत आणला. घरच्या दारासाठी कामाला आला. आमच्या दाराला रंग तपकिरी आहे. सरजाबाईनं मात्र त्यांचं दार गुलाबी रंगवून घेतलं. ब्रश मारोतीच्याच हातात होता. दोन हात.