ठोके मोजायला परका माणूस

वाघोलीहून निघताना लेकीने बजावलं होतं, "बाबा, तांब्याची तपेली घ्या आणि सरळ घरी या. कोणाच्या भानगडीत पडू नका." मी यवतमाळचा, पोस्टातून निवृत्त झालेला माणूस, भानगडी मला शोधत येतात, त्याला मी काय करणार? दोन बस बदलल्या, तीनदा रस्ता चुकलो आणि एकदाचा कसबा पेठेत पोचलो. तांबटांची आळी कुठे म्हणून एका गृहस्थांना विचारलं, तर म्हणाले, "ऐकू येत नाही का?" खरंच की! समोरच्या बोळातून हातोड्यांचा नुसता कल्लोळ येत होता.

पहिल्याच दुकानात दत्तोबा बसले होते. सत्तरीचे, पांढऱ्या मिशांचे. माझ्या तपेलीवर त्यांनी मठार (हातोडीने ओळीत पाडलेले चकचकीत खळगे) घालायला घेतला. मनगट कधीतरी मोडलेलं, त्यामुळे ठोका मारला की हातोडी जरा उडून पुन्हा टेकायची. ठण्‌, टिक. ठण्‌, टिक. मी तासभर ते बघत बसलो. चहा मागवला तर म्हणाले, "अर्धाच सांगा. पूर्ण प्यायला वेळ आहे कुणाला?"

बारा वाजले आणि सगळी आळी एकदम गप्प झाली. मला वाटलं, कोणी गेलं की काय! तेवढ्यात विलास नावाचा चाळिशीतला तांबट धावत आला.

"काका, आपलं या आळीत कोणी नात्यातलं?"

"नाही बुवा."

"ठोक्यावरून माणूस ओळखता?"

"अहो, मला घरात भांडं पडलं तरी ताट की वाटी ते कळत नाही."

"उत्तम! चला."

कुठे, कशाला, काही नाही. हाताला धरून त्याने मला बोळाच्या टोकाच्या शेडमध्ये नेलं. इथे सगळ्यांची मिळून एक भट्टी आहे आणि सात कारखान्यांत कोणाची पाळी कधी, हे चौधरी (धंद्यातल्यांनी निवडलेला प्रमुख) ठरवतो. जुन्या काळी पेठेतल्या धंद्यांचे असे चौधरी असत एवढं मी वाचलं होतं. ते अजून निवडतात आणि ती निवडणूक आज आहे, हे मात्र बाप्पा, माझ्या स्वप्नातही नव्हतं.

उमेदवार दोन. दत्तोबा, आजवरचे चौधरी. आणि सुमनताई. नवऱ्यामागे कारखाना स्वतः हातोडी धरून चालवणारी बाई. आजवर तिला पाळी सगळ्यांत शेवटची मिळायची, भट्टी विझायला आली की. तशा आचेवर तांबं नीट मऊ होत नाही, भांड्याला तडे जातात. "पुढची पाळीही शेवटचीच मिळाली तर कुलूप लावणार," असं ती सगळ्यांसमोर सांगून मोकळी झाली.

मतदानाची रीत ऐकून माझं डोकंच चाललं नाही. पडद्यामागे दोन भांडी. दत्तोबांनी घडवलेलं मोठं घंगाळ आणि सुमनताईंनी घडवलेला तांब्या. कारखान्यामागे एक मत, म्हणजे सात. एकेकाने आत यायचं, ज्याला मत त्याच्या भांड्यावर एक ठोका मारायचा आणि जायचं. मी पडद्याकडे पाठ करून पाटीवर रेघा ओढायच्या. बाकीचे सगळे हमरस्त्यापलीकडे, गाड्यांच्या गोंगाटात थांबणार.

"पण मीच का?" मी विचारलं.

विलास म्हणाला, "आम्ही ठोका ऐकला की हात कोणाचा ते सांगतो. मग मत गुप्त कसलं? ठोका ओळखणारा माणूस मोजणीला बाद."

सुरुवात झाली. घुम्म्‌. ते घंगाळ. किण्‌. तो तांब्या. घुम्म्‌. घुम्म्‌. किण्‌. मग पुन्हा किण्‌, आणि पाठोपाठ बारीकसं टिक.

माझा खडू हवेतच थांबला. हे तर दत्तोबा! स्वतःच्या विरुद्ध? छे, काहीतरी माझंच चुकलं. तांब्या नक्की कोणाचा? घंगाळ कोणाचं? एवढ्यात सातवा ठोका पडून गेला आणि तो कशावर पडला ते मला सांगता येईना.

सगळे परत आले. "माझा घोळ झालाय," मी म्हणालो. "पुन्हा घ्या."

"सातापर्यंत मोजता येत नाही?" दत्तोबा कडाडले. "पोस्टात होतात म्हणे! पत्रं पोचायची का?"

मी शरमेने अर्धा झालो. सुमनताईंनी पाण्याचा पेला दिला.

दुसऱ्यांदा मी डोळे घट्ट मिटून बसलो. तिसराच ठोका तांब्यावर पडला. किण्‌, टिक. आता शंकाच नव्हती. नियमाने मी तिथेच उठून "मी बाद" म्हणायला हवं होतं. पण म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. मी मुकाट रेघ ओढली. घंगाळ तीन, तांब्या चार.

सुमनताई खालीच बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. दत्तोबा तणतणत निघून गेले. विलास नारळ फोडायला पळाला.

तपेली घ्यायला मी दत्तोबांच्या दुकानात गेलो. ते कागदात गुंडाळत होते. राहवलं नाही. हळूच म्हटलं, "तिला चांगली पाळी तुम्हीच द्यायची होती की!"

त्यांनी वर पाहिलं नाही. "जुन्या कारागिरांची पाळी आधी, असा शब्द देऊन मी चौधरी झालो. चौधरी शब्दाला बांधलेला. मत देणारा नाही." मग सुतळीची गाठ आवळत म्हणाले, "कान चांगले आहेत तुमचे. तोंडही तसंच ठेवा."

वाघोलीला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. तपेली बघून लेक खूश. उशीर का झाला म्हणून मी निवडणुकीचं सांगितलं. टिकचं सोडून.

"मग जिंकलं कोण?"

"सुमनताई."

"आणि हरलं कोण?"

मी तपेली हातात घेतली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"ते मला अजून कळलेलं नाही," मी म्हणालो.