बद्रुचाचांची ट्रायल

कार्ले फाट्यावर हायवे सोडून वेहेरगावच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला हिरामावशीची ताकाची टपरी आहे आणि तिला खेटून बद्रुद्दीनचाचांचं सायकलचं दुकान. दुकानाला पाटी नाही. पाटी लावली तर माणसं वाचत उभी राहतात आणि रस्ता अडतो, असं चाचांचं म्हणणं. खरं कारण असं की पाटी रंगवणाऱ्याशी त्यांचं कधीतरी वाजलं होतं आणि चाचा एकदा रुसले की रुसले.

मी राहतो तिकोणा पेठेत. घरामागे दोन खोल्या बांधल्यात, त्या पुण्या-मुंबईच्या लोकांना राहायला देतो आणि त्यांना पवना धरणाच्या कडेनं सायकलवर फिरवतो. नाव हौशीराम. या नावाच्या माणसाकडून दुसरी कसली अपेक्षा करणार, असं आमच्या गावात म्हणतात. माझ्या सगळ्या सायकली पहिल्यापासून चाचांकडे. त्यांच्याइतका हट्टी मिस्तरी मावळात दुसरा नाही आणि त्यांच्याइतका चोखही नाही. माझी त्यांच्याशी महिन्यातून एकदा तरी खडाजंगी व्हायचीच.

चाचांकडे पंक्चर घेऊन गेलेला माणूस पंक्चर काढायला शिकूनच परत यायचा, मग त्याची इच्छा असो वा नसो. “ट्यूब नवी टाकायची घाई करू नगं,” ते म्हणायचे. “आदी टायरच्या आतून फडकं फिरव. अडकलं तितं काटा. काटा तसाच ठिवून दहा ट्यूबा घातल्यास तर धा बी फुटतील.” पावसाळ्यात चिखलानं माखलेली सायकल कुणी आणली की ते आधी चेन बोटावर घेऊन त्याला दाखवायचे. आमच्याकडचा लाल चिखल चेनमध्ये बसला की कानशीसारखा गिअरचे दात खातो. “पूस. मंग एकेका कडीला थेंबभर तेल. मंग वरचं तेल बी पूस. आपल्याला चेन तळायची न्हाई.”

टूरवर निघालेल्यांची तर ते झडतीच घ्यायचे. एकदा पुण्याची एक टोळी भारी भारी सायकली घेऊन थांबली होती, लोणावळ्याहून दुधिवरे खिंड उतरून धरणाकडे जाणारी. चाचांनी त्यांच्या पिशव्या ओट्यावर ओतायला लावल्या. तीन प्रकारची क्रीमं निघाली, स्पीकर निघाला, पण पंप एकाकडेही नाही. चाचांनी मुकाट्यानं ट्यूबा, टायर काढायच्या पट्ट्या, पॅच, चेनची जोडकडी आणि ब्रेकची एक वायर मांडली. गिअर ज्याला टांगलेला असतो तो हूक मात्र प्रत्येकाला आपापल्या सायकलचाच घ्यायला सांगितला, कारण एकाचा दुसऱ्याला बसत नाही. वर बजावलं, “खिंडीत ब्रेक धरून बसू नका. दाबा, सोडा, दाबा, सोडा. रिम तापली की सायकल तुमचं ऐकत न्हाई.” ती पोरं हसत हसत ऐकत होती, पण सगळं घेऊन गेली.

आणि मग ट्रायल. दुरुस्त केलेली सायकल चाचा स्वतः चालवल्याशिवाय कधी द्यायचे नाहीत. वेहेरगावच्या चढावर पहिल्या वळणापर्यंत जायचं आणि तसंच उतरून यायचं. शाळकरी पोराची छोटी सायकल असली तरी गुडघे फाकवून चाचा चढावर जाणार म्हणजे जाणार. स्टँडवर फिरवलेलं चाक खोटं बोलतं, अंगावर माणूस घेतल्यावर ते खरं बोलायला लागतं, असं ते सांगायचे. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, ट्रायल झाल्याशिवाय सायकल नाही. मी यावरून त्यांना लय छळलंय.

गेल्या दिवाळीनंतर एका दुपारी चाचा अशीच ट्रायल घेऊन परत येत होते आणि सरळ रस्त्यावर, काही आडवं आलेलं नसताना, सायकलसकट पडले. हिरामावशीनं धावत जाऊन उचललं. खरचटण्यापलीकडे लागलं नव्हतं, पण उभं राहिलं की रस्ता फिरायला लागायचा. तळेगावच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की उजव्या कानातला तोल गेलाय. चालता येईल, बसून काम करता येईल, पण सायकल बंद. पुन्हा कधी, असं चाचांनी विचारलं तेव्हा डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

आठवडाभरात चाचा दुकानात हजर. मळवलीच्या घरून आता रिक्षानं यायचे. हात पूर्वीसारखेच चालत होते. मला वाटलं, चला, संकट टळलं. पण माझ्या सायकली न्यायला गेलो तर चाचा म्हणाले, “झाल्यात. पन देता येणार न्हाई.”

“का?”

“ट्रायल न्हाई झाली.”

मी हसलो. चाचा हसले नाहीत. आत पाहिलं तर सायकलीवर सायकल रचलेली. सगळ्या दुरुस्त झालेल्या, पुसलेल्या, हवा भरलेल्या आणि एकही दारातून बाहेर जायला मोकळी नाही. दुधवाले, शाळेतली पोरं, कंपनीत जाणारे, सगळे रोज येऊन विनवून जात होते. काहीजण चिडून आपली सायकल ओढूनही घेऊन गेले. चाचांनी त्यांना अडवलं नाही, फक्त पैसे घेतले नाहीत.

त्यांचा मुलगा इर्शाद चाकणला कंपनीत आहे. सरळ पोरगा, बापावर जीव. त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, “भाऊ, असं किती दिवस चालणार? एक चिक्कीवाला गाळा भाड्यानं मागतोय. अब्बांनी घरी आराम करावा.” त्याचं काही चूक नव्हतं. पण चाचा घरी बसले तर ते किती दिवस काढतील, हा प्रश्न होताच. आणि खरं सांगायचं तर माझी नाताळची टूरही डोक्यावर आली होती.

म्हणून मी म्हणालो, “चाचा, मी घेतो ट्रायल.” चढावर गेलो, आलो. चाचांनी विचारलं, “काय वाजलं?” मी म्हणालो, “काय न्हाई. मस्त चालती.” चाचांनी सायकल आत लावली. मग इर्शादनं दुसरी नेली. तोही म्हणाला, छान आहे. दुधवाल्यानं आपली नेली, तोही छानच म्हणाला.

“तुमाला सायकल पायजे, म्हनून छान,” चाचा म्हणाले. “ह्याला दुकान बंद करायचंय, म्हनून छान. खरं कोन सांगनार?”

मी भडकलो. तोंडाला येईल ते बोललो. म्हणालो, असा हट्ट करायचा तर मग खरंच चिक्की विका. हे बोललो आणि त्यांचा चेहरा बघून तसाच घरी निघालो.

त्यानंतरच्या रविवारी चिक्कीवाला टेप घेऊन गाळा मोजायला आला. इर्शाद बरोबर होता. मी कशीही करून माझ्या सायकली टेम्पोत घालायला आलो होतो. चाचा ओट्यावर बसून माझ्याच एका सायकलचं मागचं चाक पुन्हा खोलून जोडत होते, जणू मोजमाप दुसऱ्याच कुणाच्या दुकानाचं चाललंय. तेवढ्यात लैलाचाची जेवणाचा डबा घेऊन आल्या.

चाची साठीला टेकलेल्या, अंगानं बारीक, बोलायला कमी. माहेर सुदुंबरे. वडील गावोगाव बांगड्या विकायचे आणि त्यांना बरं नसलं की ही पोरगी बांगड्यांची पेटी सायकलला बांधून तळेगावच्या बाजाराला जायची, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि सुचणं वेगळं. लग्नानंतर त्या सायकलवर बसल्याच नव्हत्या. कुणी बसू नको म्हणालं नव्हतं आणि बस असंही कुणी म्हणालं नव्हतं.

त्यांनी डबा ठेवला, टेपकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. ओढणी कमरेला गाठ मारून बांधली आणि म्हणाल्या, “चाक झालं का? द्या हिकडं.”

“पडशील,” चाचा म्हणाले.

“तुमी पडला न्हाई का?”

सायकल थोडी डगमगली, मग सरळ झाली आणि चाची चढाला लागल्या. हिरामावशी ताकाचं भांडं हातात तसंच धरून रस्त्यावर येऊन उभी राहिली. चिक्कीवाल्यानं टेप गुंडाळला. चाची आल्या तेव्हा धापा टाकत होत्या. मी घाईघाईनं म्हणालो, “बघा, मस्त चालती का न्हाई?”

“न्हाई,” चाची म्हणाल्या. “चढताना मागून टक टक करतंय. ही न्हाई जायची.”

चाचांचे कान लाल झाले. सबंध सकाळ त्यांनी त्या चाकावर घालवली होती. त्यांनी सायकल स्टँडवर लावली, चाक फिरवलं. काही आवाज नाही. पुन्हा फिरवलं. नाही. “भास हुतोय तुला.”

“रिकामं फिरवून काय कळतंय? चढावर वाजतंय.”

“चाळीस वर्सं मी हे करतोय!”

“मंग बसा वर आनि बघा.”

बोलून गेल्या आणि त्यांचं त्यांनाच लागलं. इर्शादनं मान खाली घातली. चाचांनी सायकल स्टँडवरून काढली. मग त्यांनी सायकल खांबाला टेकवली, म्हणाले, “बस. ब्रेक धर आनि पायंडल दाब.” चाची बसल्या, पूर्ण जोर दिला. चाचा चाकाशी उकिडवे बसले आणि चांगला कान, डावा, स्पोकांजवळ नेला. एकेका स्पोकला बोटानं छेडत गेले. एका ठिकाणी थांबले. पुन्हा छेडला.

गिअरच्या दातांमागे, जिथं डोळा पोचत नाही, तिथं एक स्पोक वाकणापाशी चिरला होता. कुणीतरी त्याच सायकलवर त्या आठवड्यात खिंड उतरणार होतं, माझ्याच भरवशावर.

“चिरलाय,” चाचा म्हणाले. “बरोबर हाय तुजं.”

मला वाटलं, आता ते मोडणार. आपल्या हातचं काम चुकलं आणि तेही बायकोनं दाखवलं. पण त्यांनी पाना घेतला, चाक काढलं, स्पोक बदलला, रिम सरळ केली आणि सायकल पुन्हा चाचींपुढे धरली. दुसऱ्या फेरीनंतर चाची म्हणाल्या, “आता जाऊ दे.” चाचांनी ती माझ्या हातात दिली. मग दुसरी काढली. संध्याकाळपर्यंत चाचींनी पाच सायकली पास केल्या आणि दोन नापास. चिक्कीवाला कधी निघून गेला ते कळलंही नाही. इर्शाद आईला पाणी देत होता.

उन्हं उतरल्यावर चाचा भिंतीचा आधार घेत आत गेले आणि एका पोत्याखालून एक काळी सायकल बाहेर आणली. त्यांची स्वतःची. पडल्या दिवसापासून ती तिथंच होती. तिच्या सीटचा बोल्ट त्यांच्या उंचीला इतकी वर्षं बसून गंजला होता. तेल सोडलं, पाना लावला, हलेना. मी पुढे झालो तर त्यांनी हातानंच मागे सारलं. हातोडीचे दोन ठोके घातल्यावर बोल्ट सुटला, सीट खाली आली, आणि चाचा तिच्यावर हात ठेवून क्षणभर तसेच उभे राहिले. मी दुसरीकडे बघितलं.

“लैला, हितं उभी ऱ्हा. सायकलच्या बाजूला. सरळ.”

त्यांनी चाचींच्या कमरेचं हाड हातानं चाचपलं आणि सीट त्याच्या बरोबरीला आणली.

“आवं, लोक बगत्यात,” चाची पुटपुटल्या.

“बगू दे. समद्या मावळाच्या सीटा लावल्या मी. तुजी कदी लावली न्हाई.” त्यांनी बोल्ट आवळला. “उद्यापास्नं हिच्यावर ये दुकानात. आता जाऊन ये एकदा.”

चाची दांडीवरून पाय टाकून बसल्या आणि चढाला लागल्या. आम्ही सगळे वाट बघत उभे. त्या उतरून आल्या, ओट्यापाशी थांबल्या, आणि चाचांनी नेहमीचा प्रश्न केला.

“काय वाजलं?”

“लय वाजतंय,” चाची म्हणाल्या. “चेन ढिली हाय, पुढचा ब्रेक घासतोय. न्हाई जायची ही.”

चाचा हसायला लागले. पडल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता त्यांनी बाहीनं डोळे पुसले, खाली बसले आणि पाना हातात घेतला.