गवताचा कावळा

ही गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात लेकीने मला तिच्या मार्कहॅमच्या घरातल्या बेसमेंटमधून उचललं आणि विमानाने पार वर, बर्फाच्या मुलखात नेलं. पक्ष्यांची घरटी बघायला ती तिथे दर वर्षी जाते. मी चौथी शिकलेला, पण जन्म कंपनीच्या कॅन्टीनमध्ये गेला, म्हणून कॅम्पात स्वयंपाकाला लागलो. खरं कारण म्हणजे मला एकट्याला घरी ठेवायची तिला भीती वाटत होती.

तिथे झाड नाही. त्या दिवसांत रात्रही नाही. सूर्य मावळायचं विसरल्यासारखा कडेकडेने फिरत राहतो. जमीन खाली गोठलेली, वर शेवाळाची गादी. चालताना आपण जागे आहोत की झोपेत, कळायचं नाही. तशात ही मागून चालत येतेय असं वाटायचं. मी वळून बघायचो नाही. बघितलं असतं तर नसती.

स्वयंपाकाच्या तंबूपासून हाकेच्या अंतरावर एक पांढरी हंसीण अंड्यांवर बसली होती. स्वतःच्या छातीची पिसं उपटून तिने घरट्यात अंथरली होती. पाणी प्यायला उठली की तीच पिसं अंड्यांवर ओढून जायची. ही पण पहाटे उठताना गोधडी माझ्या अंगावर अशीच ओढायची.

"या वर्षी लेमिंग दिसत नाहीत," लेक म्हणाली. लेमिंग म्हणजे तिकडचा आखूड शेपटीचा उंदीर. "ते भरपूर असले की कोल्ह्याचं पोट त्यांच्यावर भरतं. नसले की तो अंड्यांवर येतो."

"म्हणजे उंदीर मेले की हंस मेले."

"बेसिकली, हो."

हिचं वर्षश्राद्ध तिथेच आलं. दहाव्याला मार्कहॅमच्या पार्कात भात ठेवला होता, तर कावळा शिवलाच नव्हता. खार येऊन भात घेऊन गेली. तेव्हापासून हिचं काहीतरी राहून गेलंय, हे डोक्यातून जात नव्हतं. इथे दगडावर डोमकावळे रोज बसलेले असत. मी भात शिजवला, वर काळे तीळ घातले आणि ताटली घेऊन निघालो.

लेक आडवी आली. "बाबा, फूड बाहेर नाही ठेवायचं."

"फूड नाही, तुझ्या आईचा घास आहे."

"कोल्ह्याला ते कळत नाही. तो भाताला येईल, मग तिच्याकडे जाईल." तिने हंसिणीकडे हात केला.

"मी राखण करतो."

"किती वेळ? इथे रात्रसुद्धा होत नाही."

"कावळा नाही शिवला तर दोष तुझ्यावर."

तिने नाक पुसलं. मग म्हणाली, "कावळा आला नाही तर दर्भाचा करतात ना? आजोबांच्या वेळी केला होता. आईनेच सांगितलं होतं मला."

दर्भ कुठला तिथे? ओल्यात गवत होतं, शेंड्याला कापूस आलेलं. तेच उपटून वळलं. चोच फार लांब झाली.

"बाबा, हा कावळा आहे की बगळा?"

"तुझ्या आईला चालेल. मला तिने चालवून घेतलं, तर हा काय."

तंबूत बसून आम्ही दोघांनी तो कावळा धरला आणि भाताला शिववला. लेक रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. हिच्यानंतर वर्षभर ठेवला नव्हता. उरलंसुरलं जाळायचा डबा होता कॅम्पात, पण त्यात हिचा भात घालायला हात होईना. तो खात नाहीत, माहीत आहे. आम्ही खाल्ला.

मग मी बाहेर गेलो, आणि चालता चालता वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं. तंबूकडे परतलो. लांबवर विटक्या अंगाचा कोल्हा जमीन हुंगत चालला होता. हंसीण उठली, पिसं ओढली आणि पाण्याकडे गेली. ती परत येईपर्यंत आम्ही बापलेक तंबूच्या दारात उभे होतो.