एका तक्रारीसाठी

नलूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या संस्थेच्या कार्यालयातच होते. समोर भिंतीवर गुणवत्तेचं प्रमाणपत्र लटकत होतं. खोटं कशाला बोलू, रडू आलं नाही, आधी त्या प्रमाणपत्राचा राग आला... तो महिना उलटला तरी गेलेला नाही.

लागोपाठच्या दुष्काळाची ती वर्षं. शेंद्र्याच्या कारखान्यांपर्यंत पाण्याचा पाइप पोचला होता आणि रस्त्यापलीकडच्या वस्तीला मात्र आमचा धर्मादाय टँकर जायचा. सोयगावच्या नलूताई ते काम बघायच्या. एका उन्हाळ्यात टँकर आतून गंजला, पाणी नासलं, पोरं आजारी पडली, एक तान्हं बाळ गेलं. आम्हाला कुणी अवाक्षर बोललं नव्हतं. ताई भेटायला गेल्या तर बाळाची आजी म्हणाली, "वास लई येत व्हता ताई. पण धर्माच्या गाईचे दात कुणी मोजतं व्हय?"

तेव्हापासून ताईंना एकच ध्यास, लोकांनी तक्रार करावी. पुढे संस्थेसाठी गुणवत्ता तपासायची पद्धत निवडायची ठरली, तेव्हा त्यांनी अगदी साधी सुचवली : दारोदार जायचं, त्यांच्याच हंड्यातलं पाणी आधी आपण प्यायचं, मग विचारायचं. विश्वस्तांना हवी होती देणगीदारांवर छाप पाडणारी, प्रमाणपत्रवाली. तीच आली. तिच्यासोबत वस्तीत तक्रारपेटी आली. बायकांना ती दानपेटी वाटली, त्यांनी तिला हळदकुंकू वाहिलं! आम्ही पोट धरून हसलो, ताई हसल्या नाहीत. वर्षअखेरीला तपासनीस आले आणि एकही तक्रार नाही म्हणून पैकीच्या पैकी गुण देऊन गेले. पेढे वाटले गेले. "ह्याला पास व्हणं म्हणत नाय," म्हणून ताई पेढा तसाच ठेवून उठल्या. नंतर कारखान्यांचं शहर पार बिडकीनपर्यंत पसरलं, आमचे टँकर वाढले, पेटी रिकामीच राहिली.

शेवटी ताई एका धर्मादाय रुग्णालयात होत्या. मी शेजारी बसले असताना नर्सनं विचारलं, "आजी, काही त्रास?"

"नाय बाई. समदं चांगलं हाय."

ती वळताच त्यांनी चादरीचा कोपरा दातांखाली धरला. मी म्हटलं, "ताई, तुम्हीसुद्धा?"

"लई दुखतंय गं... पण फुकट करतेत बिचारे. कोणत्या तोंडानं सांगू?"

मी नर्सला हाक मारायला उठले, तर त्यांनी माझा पदर धरला. भेटीची वेळ संपेपर्यंत सोडला नाही.