सिरोंचाच्या वाटेवर माझ्या गाडीचा बसका आवाज

"गोदावरी दाखवा मले एकडाव," असं आई म्हणाली आणि आमची सिरोंचाची ट्रिप ठरली. आई चिमूरला राहते, थोरली बहीण नागपूरला आणि मी चंद्रपूरला. ताईने लगेच जाहीर केलं की तिच्या नव्या गाडीतून सगळे जाऊ. सगळे म्हणजे ती, भाऊजी, आई आणि मागे पिशव्यांच्या शेजारी मी. मी म्हटलं, मी माझी गाडी काढते. जुनी घेतलेली असली तरी माझ्या पगाराची आहे. ताई "बरं" म्हणाली, लहान लेकराला म्हणतात तसं. तिथूनच माझं डोकं फिरलं.

आईला चंद्रपूरपासून माझ्याच गाडीत बसवायचं, हे मी आधीच पक्कं केलं होतं. कारण होतं बाबांचं गाणं. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि रात्रभर नाटकं चालतात. बाबा त्यात गायचे. त्यांच्या शेवटच्या नाटकातलं गाणं मी विंगेत उभी राहून मोबाईलवर घेतलं होतं. बाबा जाऊन दोन वर्षं झाली. आईला कमी ऐकू येतं, त्यामुळे मोबाईलवर तिला ते कधी कळलंच नाही. गाडीत मोठ्याने लावायचं, ती आणि मी दोघींनीच ऐकायचं, माझी ट्रिप तेवढ्यासाठीच होती.

रस्ता सांगते. बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी, मग आलापल्ली. सकाळी लवकर निघा, नंतर ट्रक जीव खातात. बल्लारपूर मागे पडल्यावर मी फोनला केबल लावली आणि गाणं सुरू केलं. स्टिरिओचं बटण शेवटपर्यंत फिरवलं तरी बाबा विहिरीतून बोलल्यासारखे. आईने कान पुढे केला, मागे केला. "काय लावलं व हे? मच्छर गुणगुणून राह्यला."

गोंडपिपरीला पोहे-तर्री खाल्ले. (तर्री पुन्हा मागा, कोणी नाही म्हणत नाही.) ताईच्या गाडीतली गाणी टपरीपर्यंत ऐकू येत होती. आई हात धुऊन सरळ तिच्या गाडीत जाऊन बसली. मला काही बोलली पण नाही. पुढचा सगळा रस्ता मी एकटी, आणि समोरच्या काचेतून आईचं डोकं तालावर डुलताना दिसत होतं. आष्टीच्या पुलावर वैनगंगा मस्त दिसते म्हणे. मी पाहिली नाही, माझा नुसता जळफळाट चालला होता.

आलापल्लीचं राखून ठेवलेलं जुनं सागवानाचं जंगल मात्र चुकवू नका. मान दुखेपर्यंत वर पाहावं लागतं. तिथे ताई जवळ आली आणि म्हणाली, बाबांचं गाणं मला पाठव ना, माझ्या गाडीत लावू, आईला चांगलं ऐकू येईल. बरोबरच बोलत होती ती. मी म्हटलं, नेटवर्क नाही. मग ब्लूटूथनं पाठव, म्हणाली. मी म्हटलं, बॅटरी संपत आली. बॅटरी चांगली ऐंशी टक्के होती. आवाज हिच्याकडे, थंड हवा हिच्याकडे, आई हिच्याकडे, आता बाबाही द्यायचे का?

आलापल्लीहून पेट्रोल भरूनच निघा. पुढचा रस्ता मधेमधे फार खराब आहे, उजेडातच संपवा. सिरोंचाला पाट्यांवर तेलुगू दिसायला लागतं. खानावळीत भात आणि मासळीचा झणझणीत रस्सा मिळाला, वाढणारी बाई आईला "अम्मा, अम्मा" करत होती. दुपारी सगळे लॉजवर आडवे झाले आणि मी आवारात गाडीत जाऊन बसले. आज हा आवाज काढायचाच.

तुमच्याही गाडीत हे होत असेल तर ऐका. बाबा माइकवाल्याला नेहमी सांगायचे, माइक कमी ठेव आणि मशीन (ॲम्प्लिफायर) वाढव, नाहीतर भोंगा फाटते. तेच डोक्यात बसलेलं, म्हणून मी फोन अर्ध्यावर ठेवून स्टिरिओ पिळत होते. इथे उलटं करायचं असतं. फोन जवळजवळ पूर्ण वाढवा, मग स्टिरिओ खालून हळूहळू वर न्या. केबलला हेडफोन समजून फोन कान खराब होतील म्हणून बजावतो, मी दरवेळी त्याचं ऐकत होते. दुसरं म्हणजे कव्हर. माझं जाड कव्हर पिनला पूर्ण आत जाऊच देत नव्हतं. ते काढल्यावर पिन टक् करून बसली. स्टिरिओच्या सेटिंगमध्ये केबलचा आवाज वेगळा असतो, तोही तळाला होता. आणि रेडिओ लावण्याआधी आवाज कमी करा. मी केला नाही, आणि आवारातला कुत्रा कुंपणावरून पळाला.

दुसऱ्या दिवशी आईने गोदावरीच्या संगमाचं पाणी डोळ्यांना लावलं, पोटभर नदी पाहिली. परत निघताना ताईने तिच्या गाडीचं दार उघडलं, मी माझ्या गाडीचं. आई ताईला म्हणाली, "येतानी तुह्यात बसली, आता हिच्यात." ताईचं तोंड उतरलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

गाव सुटल्यावर मी गाणं लावलं. बाबा गाडीभर झाले. आई हलली नाही, पदराचं टोक मुठीत धरून बसली. गाणं संपलं, टाळ्या झाल्या. त्यापुढे काही असेल हे मला माहीतच नव्हतं; तेव्हा टाळ्यांत मला ऐकू आलं नव्हतं आणि मोबाईलवर फार बारीक होतं ते. आता स्पष्ट ऐकू आलं. बाबा धापा टाकत विंगेत आले होते. "मोठी आली का व?" मग स्वतःशीच, "आली असती तं बरं झालं असतं."

मी गाडी कडेला घेतली. दर मंडईला मी जायची. चहा मी न्यायची, शाल मी धरायची.

"मी होती ना तिथी," मी म्हटलं. "तरी तिलेच इचारलं?"

आईने पुन्हा एकदा लावायला सांगितलं. ऐकून झाल्यावर म्हणाली, "तू होती म्हनून तं तुले इचारलं. आता हे तिले पाठव."

चंद्रपूरला पोचून दोन दिवस मी ते पाठवलं नाही. शेवटचं बोलणं कापून नुसतं गाणं पाठवावं, असंही मनात आलं. कापायला घेतलं, आणि नाही जमलं. सगळं पाठवलं, वर लिहिलं की कव्हर काढून लाव.

सिरोंचाहून काय आणलं विचाराल, तर गाणं पाठवल्यावर आलेला ताईचा फोन. तिने शेवटपर्यंत ऐकलं होतं. म्हणाली, "एकही नाटक नाई पाह्यलं व मी त्याइचं. तू सारे पाह्यले. जळून राह्यली मी तुह्यावर."

लहानपणापासून मी ताईच्या तोंडून हे ऐकायला टपलेली होते. ऐकलं, आणि मला काडीचाही आनंद झाला नाही.